दोन बरण्यांचा मसाला

चहाचा मसाला केकमध्ये घातला काय किंवा केकचा चहात, त्याने काय बिघडतं, असं बहुतेक जणांना वाटतं. जिन्नस तर तेच: सुंठ, वेलदोडा, दालचिनी, लवंग, मिरी, जायफळ. माझ्या ओट्यावर मात्र या मसाल्याच्या दोन बरण्या असतात आणि मी एकीतला चमचा दुसरीत जाऊ देत नाही. एका बरणीतला मसाला पाण्यात आणि दुधात पडतो, तीन-चार मिनिटं उकळतो आणि चोथा गाळणीत ठेवून कपात उतरतो. दुसरीतला तुपासाखरेत फेसला जातो, पिठात बांधला जातो, भट्टीच्या धगीत पंधरा-वीस मिनिटं राहतो आणि मग सगळाच्या सगळा पोटात जातो. त्याला गाळणी नाही. दोघांची वाट इतकी वेगळी असताना त्यांना एकच प्रमाण कसं पुरणार?

मी साताऱ्यात घरच्या स्वयंपाकघरात चहाचा मसाला करून विकते. त्याच जिनसांची नानखटाई, बिस्किटं आणि केकही करते. हे काम मला शिकवलं ते या सहा-सात जिनसांनीच. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. कुणी पाण्यात मोकळा होतो, कुणी तुपात. कुणी धगीने उडून जातो, कुणी धगीनंतर दोन दिवसांनी जागा होतो. हे स्वभाव कळले की प्रमाण आपोआप हातात येतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे आधी जिनसांबद्दल लिहिते.

साताऱ्यात राहून चहाचा मसाला करायचा म्हणजे सुरुवात आल्यापासून. कोरेगावच्या बाजूला निघालं की रस्त्याकडेला आल्याची शेतं लागतात. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण होते, पावसाळाभर पाला वाढतो आणि थंडीत तो पिवळा पडून वाळला की कंद काढणीला येतो. आमच्याकडचं आलं बहुतेक ओलंच बाजारात जातं. भाव चढे असले की शेतकरी घाईने काढतात, पडले की कंद जमिनीतच ठेवून वाट बघतात. सुंठ करण्याच्या खटपटीत फार कुणी पडत नाही, त्यामुळे सातारच्या दुकानातली सुंठ बऱ्याचदा केरळची, कर्नाटकाची किंवा ईशान्येकडून आलेली असते. मला हे विचित्र वाटायचं. शेजारच्या तालुक्यात आल्याचे ढीग लागलेले असावेत आणि सुंठ हजार-बाराशे किलोमीटरवरून यावी!

आता मी ओळखीच्या शेतकरी दादांकडून माहीम जातीचा जून कंद घेते आणि माघ-फाल्गुनातल्या उन्हात गच्चीवर वाळवते. पाच किलो ओल्या आल्याची जेमतेम एक किलो सुंठ होते, हे आधीच ध्यानात ठेवावं लागतं. आलं आधी भरपूर पाण्यात भिजवून, चोळून माती काढायची. मग बांबूच्या कामटीने वरची साल खरवडायची. सुरी लावायची नाही, कारण आल्याचं सुगंधी तेल सालीच्या अगदी खालच्या थरात असतं. सुरीने जाड साल निघाली की वासही तिच्याबरोबर उकिरड्यावर जातो. दिवसा ऊन द्यायचं, रात्री घरात घ्यायचं, दव लागू द्यायचं नाही. कांडी मोडताना कट्‌कन आवाज आला आणि आत ओलसर वाकणं उरलं नाही, की सुंठ झाली.

वाळताना आल्याची चव नुसती घट्ट होत नाही, बदलते. ओल्या आल्याचा तिखटपणा ज्या जिंजेरॉलमुळे असतो, त्यातला काही भाग वाळताना शोगाओल बनतो आणि तो जास्त तिखट असतो. ओल्या आल्याची लिंबासारखी ताजी झुळूक सुंठीत राहत नाही. तिच्या जागी घशात उतरणारी खोल ऊब येते. म्हणून चहात आलं किसून घातलं तरी माझ्या मसाल्यात सुंठ लागतेच, आणि सुंठ असली तरी पावसाळ्यात मी वरून आलं घालतेच. दोघांची कामं वेगळी आहेत.

बाजारातून सुंठ घ्यायची झाली तर पांढरीशुभ्र घेऊ नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. तो शुभ्रपणा चुन्याचा असतो. कीड लागू नये आणि माल उजळ दिसावा म्हणून कांड्या चुन्याच्या निवळीत बुडवतात. बोटाने घासली तर पांढरी भुकटी लागते. मातकट, सुरकुतलेली, दिसायला ओबडधोबड सुंठ जास्त वासाची निघते.

वेलदोडा हा या मसाल्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात चंचल जिन्नस. तो येतो मुख्यतः केरळच्या इडुक्कीतून. तिथल्या पुट्टडी गावात आणि डोंगर उतरून तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरला त्याचे लिलाव होतात. २०१८ च्या पुरानंतर २०१९ साली वेलदोड्याचे भाव असे भडकले की माझ्यासारख्या छोट्या मसालेवाल्यांची पाचावर धारण बसली. त्या वर्षी बऱ्याच जणांनी वेलदोडा कमी करून वरून इसेन्स शिंपडायला सुरुवात केली. मी डबी लहान केली आणि आतला वेलदोडा तेवढाच ठेवला. काही गिऱ्हाइकं तुटली. पण इसेन्सचा वेलदोडा नाकाला लगेच कळतो आणि जिभेवर काहीच ठेवत नाही. तो मला माझ्या नावाने विकवला नसता.

व्यापारी बोंडाच्या आकारावर बोलतात. आठ एमएम बोल्ड म्हटलं की भाव वर. पण मोठ्या, हिरव्यागार बोंडात आतले दाणे फिकट आणि कोरडे असू शकतात. मी नेहमी पोत्यातून मूठभर काढते आणि चार-पाच फोडून बघते. दाणे काळे, किंचित चिकट, एकमेकांना धरून बसलेले हवेत. चुरगळल्यावर डोळ्यांत गारवा जाणवला पाहिजे. रंग जरा उडालेला असला तरी चालेल.

१०० ग्रॅम वेलदोडे सोलले की साधारण ७० ते ७५ ग्रॅम दाणे निघतात. बाकीची साल. सगळा वास दाण्यात असतो, साल म्हणजे नुसती पेटी. पण ती पेटी आहे म्हणून तर आतला वास वर्षभर टिकतो. दाणे सोलून ठेवले की वास उडायला लागतो, दळले की आणखी भराभर. आपल्याकडे सालं चहापत्तीच्या डब्यात टाकून ठेवायची रीत आहे. ती फार शहाणपणाची आहे, कारण सालीला लागलेला थोडका वास पत्ती हळूहळू ओढून घेते. चहाच्या बरणीत मी सालीसकट वेलदोडा भरड करते. गाळणी आहेच. केकच्या बरणीत मात्र एकही साल जाऊ देत नाही. नानखटाईच्या घासात सालीचा तंतू दाताखाली आला की सगळी मजा गेली.

दालचिनीवरून माझं आणि आमच्या वाणीकाकांचं नेहमी वाजतं.

"ताई, ही घ्या. एक तुकडा टाकला की घर दरवळतं. ती पातळ घेऊन काय करणार? दुप्पट पैसे आणि जोर निम्मा."

"काका, मला दोन्ही द्या. जोर केकला लागतो, चहाला नाही."

वाण्याकडे साधारणपणे मिळते ती जाड, कडक, एकेरी वळलेली साल. ती कॅशिया; ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांतून येते. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदाच्या पदरांसारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरडणारी असते. तिचा वास गोडसर, फुलाकडे झुकणारा. कॅशियात सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य जास्त, त्यामुळे ती तिखट आणि दणकट लागते, आणि धगीतही टिकून राहते. तिच्यात कुमारिन नावाचं आणखी एक द्रव्य असतं. ते रोज भरपूर पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला बाधतं. युरोपात त्यासाठी दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली आहे. चहाच्या चिमटीत ते नगण्य असतं. पण हल्ली सकाळी उपाशीपोटी चमचाभर दालचिनीचं पाणी पिणारे खूप भेटतात. त्यांना मी कळकळीने सांगते की रोज घ्यायचीच असेल तर पातळ दालचिनी घ्या.

ही पातळ दालचिनी आता कोकणातूनही मिळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात दिली, जायफळाच्या 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' दिल्या. नारळाच्या बागेत मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि नारळाच्या खोडावर मिरीचा वेल, अशी मिश्र लागवड तिकडे 'लाखी बाग' म्हणून ओळखली जाते. माझ्या बरणीतले तीन जिन्नस एकाच वाडीत, एकाच सावलीत उभे असलेले मी रत्नागिरीजवळ पाहिले, तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलावंसं वाटलं नाही. सोललेल्या फांदीवरची ओली साल हुंगायला दिली होती. वाळलेल्या दालचिनीत जो वास आपण ओळखतो, त्याच्या आधीचा, हिरवा वास होता तो.

आता चहात दालचिनी कमी का, ते सांगते. दालचिनीच्या पुडीत बुळबुळीत द्रव्य असतं. गरम पाण्यात ते फुगतं. मसाल्यात दालचिनीची बारीक पूड जास्त असली की कपाच्या तळाशी चिकट, शेंबडासारखा थर बसतो. पुष्कळ विकतच्या मसाल्यांत तो सापडेल. त्यामुळे चहासाठी दालचिनी थोडी आणि भरड. केकमध्ये हाच गुण कामाला येतो. पिठातलं पाणी ती जरा धरून ठेवते आणि केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो.

लवंग, मिरी आणि जायफळ यांच्याबद्दल फार लांबण लावत नाही. लवंग घेताना नखाने दाबावी, तेलाचा ओलसर ठिपका दिसला पाहिजे. पाण्यात टाकावी. तेल काढून घेतलेल्या लवंगा वर तरंगतात, चांगल्या बुडतात. एका व्यापाऱ्याकडून मला एकदा अख्खं पाकीट तेल काढलेल्या लवंगांचं आलं होतं, तेव्हापासून ग्लासभर पाण्याशिवाय मी लवंग घेत नाही. मिरीलाही हीच परीक्षा. पपईच्या वाळलेल्या बिया मिसळलेल्या असतील तर त्या वर येतात. जायफळ हलवून बघावं; हातात जड लागलं पाहिजे आणि कापल्यावर संगमरवरासारख्या रेघा तेलकट चमकल्या पाहिजेत. आपण मराठी माणसं जायफळाचे जुने भक्त आहोत. कॉफीत जायफळ, श्रीखंडात जायफळ, पुरणात जायफळ. चहात मात्र ते जपून घालावं लागतं, कारण थोडं जास्त झालं की चहाचा चहापणाच झाकला जातो.

१०० ग्रॅम चहाच्या मसाल्याला मी सुंठ ४० ग्रॅम, सालीसकट वेलदोडा २० ग्रॅम, मिरी १२ ग्रॅम, पातळ दालचिनी १२ ग्रॅम, लवंग ६ ग्रॅम, जायफळ ५ ग्रॅम आणि बडीशेप ५ ग्रॅम धरते. केकच्या बरणीचं गणित उलटं होतं. दालचिनी ४० ग्रॅम, त्यातली निम्मी कॅशिया; वेलदोड्याचे नुसते दाणे २५ ग्रॅम, सुंठ २० ग्रॅम, जायफळ ८ ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम आणि मिरी अवघी २ ग्रॅम. बडीशेप नाही. तिचा हळवा वास भट्टीत टिकत नाही आणि मागे उरतो तो नुसता भुसा.

हे आकडे मी मोकळेपणाने देते. लोक विचारतात की धंद्याचं गुपित का सांगता? पण प्रमाण हे गुपित नव्हेच. खरी मेहनत माल निवडण्यात आणि दळण्यात आहे.

गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आपण चैत्र-वैशाखात वर्षाचा करून ठेवतो. तो तेलावर भाजलेला असतो, त्यात खोबरं, तीळ, मिरची असते, मीठ-हिंगाची राखण असते. तो मुरतो आणि चांगला होतो. चहाच्या मसाल्याला वर्षाचा हिशेब लावता येत नाही. तो भाजायचाही नाही. भाजलं की वेलदोड्याचा वास कढईतच उडतो आणि लवंग कडू होते. मी सगळे जिन्नस फक्त कडकडीत उन्हात तासभर ठेवते. पावसाळ्यात ऊन नसलं तर जाड बुडाची कढई तापवून गॅस बंद करते आणि मग त्यात जिन्नस परतते, हाताला कोमट लागतील एवढेच. ओलसरपणा जायला हवा, बस्स.

कांडपावर चहाचा मसाला मी देत नाही. कांडप यंत्रात मिरची, धणे, हळद सगळं जाऊन गेलेलं असतं आणि कितीही झाडलं तरी तो वास लोखंडात राहतोच. शिवाय दळताना यंत्र तापतं. मिक्सरही तापतो. म्हणून लवंग आणि वेलदोडा आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवते आणि दळताना पाच-सात सेकंद फिरवून थांबते, भांडं निवू देते, पुन्हा फिरवते. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घेते, नाहीतर पात्यांची धार जाते. जायफळ एकटं दळू नये. त्यात तेल आणि चरबी इतकी असते की त्याची पेंड होते आणि भांड्याच्या कडेला चिकटते. सुंठीच्या तुकड्यांबरोबर फिरवलं की सुंठ ते तेल शोषून घेते आणि पूड मोकळी होते. लवंगेसाठी प्लॅस्टिकचं भांडं वापरू नये. तिच्या तेलाने प्लॅस्टिक धुरकट होतं आणि वास कायमचा बसतो. काच किंवा स्टील.

चहाचा मसाला रव्याएवढा भरड ठेवते. केकचा मसाला मात्र दळून, चाळून, पुन्हा दळून मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करते. फडक्यावर सुंठीचे तंतू आणि दालचिनीचे कण उरतात, ते टाकत नाही. ते चहाच्या बरणीत जातात. गाळणी त्यांना सांभाळते.

आता कपाकडे. पुण्याच्या अमृततुल्यांत पितळी पातेल्याशेजारी खलबत्ता असतो आणि आलं-वेलदोडा तिथल्या तिथे कुटून पडतो. त्या चहाची सर डबीतल्या पुडीला येत नाही, हे मी मसाला विकत असूनही मनापासून मानते. डबी त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे सकाळी कुटायला वेळ किंवा हातात ताकद उरलेली नाही. आमच्या आळीतल्या एका काकूंची बोटं संधिवाताने वाकली आहेत. त्या म्हणाल्या होत्या, "बाई, मला कुटता येत नाही, पण चहा कुटलेल्या मसाल्याचा लागला पाहिजे." तो भरडपणा मी त्यांच्या सांगण्यावरून ठरवला.

माझी रीत अशी. पाण्यात साखर आणि घालायचं असेल तर किसलेलं आलं टाकून खळखळ उकळायचं. मग पत्ती. पत्तीने रंग सोडला की दूध, आणि दुधाबरोबर मसाला, दोन कपांना पाव चमचा. मसाला सुरुवातीपासून पाण्यात उकळला तर लवंग आणि मिरीचा कडवटपणा उतरतो आणि वेलदोड्याचा वास वाफेबरोबर छताला जातो. दुधातल्या स्निग्धात मात्र हे वास विरघळतात आणि कपापर्यंत पोहोचतात. म्हशीच्या दाट दुधात मसाला दबतो, गाईच्या पातळ दुधात तोच उसळून वर येतो, म्हणून चमचा दूध बघून भरावा. ओलं आलं कधीही कच्चं दुधात टाकू नये. त्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याने दूध फाटतं. पाण्यात उकळलं की ते निष्प्रभ होतं. गुळाचा चहा करायचा तर गूळ गॅस बंद केल्यावरच घालावा.

मसाला पेलायला पत्तीही दमदार लागते. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी पद्धत आली. पानं चिरडून, फाडून, वळवून केलेले ते बारीक दाणे कडक उतरतात, आणि दूध-मसाल्याच्या चहात तेच उभे राहतात. दार्जिलिंगच्या नाजूक पानात मसाला घालणं हा त्या पानावर अन्यायच. गंमत अशी की चहाचा प्रचार करणाऱ्या इंडियन टी असोसिएशनला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चहावाल्यांचा मसाला खटकायचा, कारण मसाला पडला की पत्ती कमी लागते. चहावाल्यांनी ऐकलं नाही. बरं झालं ऐकलं नाही.

भट्टीवरचं काम मी बेकरीत शिकले. आमच्याकडे दिवाळीला आणि मे महिन्यात घरोघरच्या बायका तूप, पिठीसाखर, मैदा, बेसन, रवा असं सगळं घेऊन नानखटाई करायला बेकरीत जातात. तिथेच पीठ मळतात, तिथल्या पत्र्यांवर गोळे थापतात आणि भट्टीवाले भाजून देतात. लाकडाच्या भट्टीतून आधी पाव निघतात. मग धग उतरायला लागली की बिस्किटं आणि नानखटाई आत जाते. भट्टीवरचे चाचा हात आत घालून धग सांगायचे. थर्मामीटर त्यांनी कधी वापरला नाही. माझ्या घरच्या ओव्हनमध्ये तीच उतरती धग मी १६० अंशांवर धरते.

चाचांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी कुठल्याही पुस्तकाच्या वर ठेवते. "ताई, वास पिठाला देऊ नका, तुपाला द्या." मसाला मैद्यात चाळून घातला की तो पिठाच्या कणांत अडकून कोरडा राहतो. तोच तुपासाखरेत फेसताना घातला की त्याची तेलं तुपात उतरतात आणि तूप त्यांना भट्टीत धरून ठेवतं. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम साजूक तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि ५ ग्रॅम मसाला. मसाला घालून तूप फेसलं की ते भांडं अर्धा तास झाकून ठेवते, मग पीठ. एवढ्या अर्ध्या तासाने चवीत पडणारा फरक डोळे झाकून ओळखता येतो.

केक आणि नानखटाईतही मसाला सारखा वागत नाही. केकच्या पोटात ओल असते, त्यामुळे भाजून होईपर्यंत आतलं तापमान शंभर अंशांच्या खालीच राहतं. वेलदोड्यासारखे उडणारे वास तिथे बऱ्यापैकी वाचतात. नानखटाई पातळ आणि कोरडी. तिची कड आणि तळ चांगलेच तापतात. म्हणून तिच्यावर मी भाजण्याआधी थोडे वेलदोड्याचे दाणे अर्धबोबडे कुटून वरून दाबते. मिरी आणि सुंठ यांचा तिखटपणा धगीत उडत नाही, तो तसाच राहतो, आणि बाकीचे वास ओसरल्यामुळे उलट जास्त जाणवतो. केकच्या बरणीत मिरी २ ग्रॅमवर का आणली, त्याचं उत्तर इथे आहे. लवंग आणि जायफळ भाजलेल्या दिवशी गप्प असतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढे येतात. कच्चं पीठ हुंगून मसाला वाढवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

पाव आणि बन करताना मात्र दालचिनीचा मसाला पिठात मळू नये. सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मंदावतं, लवंगेचं तेलही तेच करतं. पीठ फुगत नाही, बन दडस होतात. मसाला लोणी-साखरेत कालवून लाटलेल्या पोळीवर पसरायचा आणि गुंडाळी करायची. मग यीस्ट आपलं काम करतं आणि मसाला आपलं. चहाचा केक करायचा तर पत्ती दुधात उकळून, दूध आटवून, गाळून घ्यावं. खायचा सोडा पडला की चहाचा रंग काळपट होतो, म्हणून त्या केकला मी बेकिंग पावडर वापरते.

थंड पेयांसाठी या दोन्ही बरण्या निरुपयोगी. पूड गार दुधात विरघळत नाही, वर तरंगते आणि घशाला लागते. तिथे पाक लागतो. साखर आणि पाणी समभाग, त्यात सुंठीचे तुकडे, ठेचलेले वेलदोडे, दालचिनी, चार लवंगा, मिरी. दहा मिनिटं मंद उकळून झाकून ठेवायचं, गार झाल्यावर गाळून बाटलीत भरायचं. फ्रीजमध्ये तीन आठवडे राहतो. गार दुधात, कॉफीत, लिंबाच्या सरबतातसुद्धा सुरेख लागतो. न्यू जर्सीत राहणारी आमच्या शेजारची लेक दर वेळी माझ्याकडून पुड्या न्यायची आणि तिथे मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवून चहा करायची. त्या चहात मसाला कच्चा लागतो, अशी तिची तक्रार. तिला मी पाक करायला शिकवला. तिथल्या कॉफीच्या दुकानांत जी 'चाय' मिळते तीही बहुतेक वेळा अशाच तयार अर्कातून होते, असं ती सांगते. पण आता तिच्या मैत्रिणी तिच्या घरी येऊन बाटल्या भरून नेतात.

डबीवर मी दळल्याची तारीख ठळक घालते आणि तीन महिन्यांच्या आत संपवा, असं लिहिते. दुकानदारांना हे आवडत नाही. त्यांना वर्षाची मुदत हवी असते. वर्षभराने त्या डबीतला मसाला खराब झालेला नसेल, पण वेलदोडा तिथून निघून गेलेला असेल आणि राहिलेली असेल फक्त सुंठ, मिरी. माणसं मग म्हणतात, हिचा मसाला तिखट असतो. म्हणून मोठी ऑर्डर आली तरी मी एकदम दळत नाही. लागेल तसं आठवड्याचं दळते.

यंदा पातळ दालचिनी सगळी दापोलीकडच्या एका वाडीतून घ्यायची ठरवली आहे. पहिला माल आला आहे. चहात ती उतरते कशी ते पाहून झालं, छान उतरते, श्रीलंकेच्या दालचिनीपेक्षा थोडी जास्त गोड. तुपात ती कशी वागते, धगीनंतर किती उरते, कॅशिया निम्म्यावरून आणखी खाली आणता येईल का, हे अजून बघायचं आहे. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी भट्टीवर एक पत्रा तिचा लावणार आहे, आणि चाचांना सांगून ठेवलंय की त्यातल्या दोन नानखटाया ताज्या न खाता चौथ्या दिवशी खाऊन मला सांगा.